वारसा रक्ताचा आणि स्वयंपाकघराचा

अंगाने भरलेले मूल ही आपल्या समाजात सुबत्तेची खूण मानली गेली. दुष्काळ आणि साथींनी पिढ्यान्पिढ्या होरपळलेल्या समाजात हे स्वाभाविकच होते. परंतु तेच बाळसे दहाव्या वर्षी पोटावर साचू लागले आणि घरात आजोबांना, वडिलांना मधुमेह असला, तर कौतुकाची जागा सावधपणाने घ्यायला हवी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्क्यांवर गेले. आकडा लहान भासेल, पण धोका केवळ वजनाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातून एक विलक्षण सत्य समोर आले. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी होती. मात्र त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. अशी प्रकृती घेऊन जन्मलेल्या मुलाला वाढत्या वयातील थोडीही स्थूलता महागात पडू शकते.

'आमच्या घराण्यातच साखर आहे,' असे म्हणून अनेक कुटुंबे मोकळी होतात. आनुवंशिकता नाकारता येत नाही. पण वारसा केवळ रक्तातून येत नाही. उशिराचे जेवण, शीतपेयांच्या बाटल्या, शिकवणी आणि पडदा यांत हरवलेले मैदान, हाही वारसाच, आणि तो बदलणे घराच्या हाती आहे.

मुलाच्या कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, मानेवरची त्वचा काळसर, जाडसर होत असेल, तर तो मळ समजून घासत न बसता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मुलाला हिणवू नये, उपाशीही ठेवू नये. वाढत्या शरीराला डाळ, भाजी, फळे, दूध हवेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारे खेळ हवेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एकट्या मुलावर पथ्य लादून वडिलांनी फरसाणाचा डबा उघडला, तर त्या पथ्याला काय अर्थ? मुले उपदेशाने नव्हे, आचरणाने घडतात. घराण्याचा आजार पुढच्या पिढीकडे जाण्यापूर्वी त्याची वाट अडवायची असेल, तर आरंभ घरातील वडीलधाऱ्यांच्या ताटापासूनच व्हायला हवा.