गोळी ती गोळीच?

फराळाच्या ताटाशेजारी काडतुसांची चर्चा कशाला, असे घरातली मंडळी म्हणतील. म्हणोत. ज्या अनारशांचे आज कौतुक चालले आहे त्यांचा तांदूळ कुणाच्या तरी खाचरात पिकलेला आहे, आणि आमच्या मुळशी-मावळात भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात.

मी वाकडचा रहिवासी. म्हातोबाच्या देवळाभोवतीची शेते जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी माझ्या वर्गातल्या पुष्कळ पोरांचे आजोळ अजून मुळशीकडे भातच लावते. रात्रीतून कळप येतो आणि उभे खाचर लोळवून जातो. त्या शेतकऱ्याला भूतदयेचा पाठ देण्याचा अधिकार पिशवीतून तांदूळ आणणाऱ्या मला नाही. हौशी शिकार १९९१ च्या दुरुस्तीने संपली ते उत्तमच झाले. पण पिकाचा नाश करणारे डुक्कर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली देता येते, आणि ती जरूर द्यावी.

मात्र ‘गोळी ती गोळीच’ असे म्हणणारे जे शहाणे भेटतात, त्यांच्याशी मला भांडायचे आहे. “गुरुजी, डुकरालाच तर मारायचं, त्याला कसली आलीय पारख!” हे त्यांचे वाक्य. बारा बोअरच्या बंदुकीत पाखरांचे बारीक छर्रे भरायचे आणि अंधारात चाळीस पावलांवरून बार टाकायचा! थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेची जाड ढाल असते. छर्रे तिथे रुततात, जनावर ओरडत झाडीत शिरते आणि दोन-तीन दिवस कुजत मरते. तसे मेले नाही, तर पहाटे शेण-गोवऱ्यांना निघालेल्या बाईवर चालून येते. मग वर्तमानपत्रात ‘पिसाळलेले डुक्कर’. ते पिसाळले कुणामुळे?

अमेरिकेत एल्क म्हणून हरीण आहे, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. नर तीनशे किलोच्या वर भरतो. तिथले शिकारी ‘थर्टी-ऑट-सिक्स’ बरी की सात मिलिमीटरची मॅग्नम बरी, यावर रात्री जागवतात. हा वाद मला निम्मा तरी फोल वाटतो. चंपावतच्या वाघिणीबद्दल जिम कॉर्बेटना १९०७ साली भेट मिळालेली रायफल .२७५ ची, म्हणजे सात मिलिमीटरचीच होती. आफ्रिकेत करमोजो बेलने त्याच मापाच्या रायफलीने शेकडो हत्ती पाडले. पण हत्तीची कवटी भेदायची म्हणून टणक गोळीने, आणि नेमक्या जागी. नळीच्या भोकाची बढाई मारणाऱ्यांनी गोळीचे टोक आधी पाहावे.

या टोकाची कथा मोठी विचित्र आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी मऊ टोकाची गोळी बनवली. ती शरीरात शिरली की अळंबीसारखी पसरे. १८९९ साली हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या, आणि ते योग्यच होते. जखमी शिपायाला दवाखान्यात नेतात, तो बरा व्हावा अशी अपेक्षा असते. डुकराला कोण दवाखान्यात नेणार? टणक गोळी त्याच्या अंगातून बारीक भोक पाडून आरपार जाते आणि पलीकडे कुणाचे झोपडे असेल त्याचा विचार करीत नाही. मऊ टोकाची आत पसरते, तिथेच बळ खर्चते आणि जनावर जागच्या जागी बसते. रणांगणावर जे क्रौर्य, तीच रानात करुणा.

आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचे नव्हे. लष्करी .३०३ चे माप सामान्यांना वर्ज्य, म्हणून आपल्याकडे खाजगी रायफल बहुधा .३१५ ची. तिचे काडतूस मऊ टोकाचे मिळते. वाकडवरून वाहणाऱ्या मुळेच्याच काठी, खाली खडकीला, १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. सामान जवळ आहे. आळस आपला आहे.

माझी मागणी एवढीच. परवानगीच्या कागदावर डुकराच्या बरोबरीने काडतूसही लिहा. बारीक छर्ऱ्यांना साफ मनाई करा. जखमी जनावर शोधून संपवण्याची जबाबदारी बार टाकणाऱ्याच्या नावावर चढवा. ज्याच्या घरी पाखरांची बंदूक आहे त्याने शेजारगावच्या रायफलवाल्याचे नाव परवानगीत घालून घ्यावे, दिवस असेपर्यंत त्याला बांधावर बसवावे, आणि काम झाल्यावर पायलीभर नवा तांदूळ देऊन त्याची बोळवण करावी.