नुसती चव घेतली, महाराज!

पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या नाशिकवरून त्र्यंबकेश्वरी जातात, तोच काळ वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा. भाडोत्री गाडीवाले आता दोन्हीचा एकच बेत विकतात. सकाळी ज्योतिर्लिंगाचे दर्शन, दुपारी गंगापूर धरणाकडच्या बागेत वाईनची चव. भाविकहो, पापाचे राहू द्या, निदान क्रमाची तरी लाज?

या 'चवी'विषयीच बोलायचे आहे. दिंडोरी तालुक्यात कीर्तनाला गेलो असता यजमानांनी असा एक कारखाना हौसेने दाखवला. पाच-सहा पेले ओळीने मांडतात. पेला फिरवायचा, रंग पाहायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. नको तर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. शिकवणारा मुलगा मोठा नम्र, वाणी पुराणिकासारखी. ऐकायला आई, बाप आणि कॉलेजातली लेक! गुत्त्यावर माणूस तोंड लपवून जातो. इथले फोटो सोयऱ्यांना पाठवतात. गुत्त्याने संसार बुडवले, पण लाज शिल्लक ठेवली होती. त्या लाजेच्या बळावरच कित्येक गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ही चवीची शाळा ती लाजच काढून घेते. मग त्या माउल्यांनी कशाच्या जोरावर उभे राहायचे?

म्हणे, वाईन म्हणजे दारू नव्हे. 2022 साली ती सुपरमार्केटमध्ये ठेवायचा निर्णय झाला तेव्हा पुढारीही हेच बोलले. मद्यार्क साधारण 12 ते 14 टक्के, बिअरपेक्षा जास्त, आणि दारू नव्हे! स्मृतिकारांनी मद्याचे प्रकार मोजले, त्यांत द्राक्षाचे मद्य नाव घेऊन सांगितले आहे. कोणी द्राक्षासवाचा दाखला देतो. अहो, ते वैद्य सांगेल तेवढेच, जेवणानंतर, पाण्यातून घेतात. त्याचे पेले फिरवीत कोणी बसत नाही.

शेतकऱ्यावर माझा राग नाही. गारपिटीने झोपलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. पण 2001 च्या धोरणापासून वाईनला सवलती मिळतात त्या त्याचे नाव पुढे करून, हे खटकते. नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या. वाईनची जात वेगळी. मणी बारीक, आत बिया, आणि लागवड बहुधा कारखान्याशी करार करून. खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर हा पेला त्याला तारीत नाही. बेदाण्याला, शीतगृहाला हात सैल सोडा की!

आता आपल्यातले. गळ्यात तुळशीची माळ असलेले तरुणही म्हणू लागले आहेत, "नुसती चव घेतली, महाराज, गिळली नाही." बाबांनो, एकादशीला भाताचा घास तोंडात घोळवून थुंकला, तर उपवास राहिला म्हणाल का?

दिंडीचालकांनी यंदा यात्रेची गाडी ठरवतानाच मालकाला बजावावे : त्र्यंबकहून गाडी सरळ गावाला. मधे बागेत थांबली तर भाडे मिळणार नाही.