ड्रायर फिरतो, पण तापत नाही

बडनेऱ्यात मे महिन्यात ओली चादर बघता बघता कडक वाळते. इथे ड्रायर हवाय कुणाला? पण जुलैत झड लागली की फ्लॅटच्या बाल्कनीतली जीन्स तीन-तीन दिवस कुबट वास मारते, आणि मग ड्रायर आठवतो.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला आपण ड्रायर म्हणतो खरं, पण त्यात हीटर नसतोच. तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो. तो तापत नाही ही तक्रारच होऊ शकत नाही :-)

हीटरवाला ड्रायर मात्र फिरतोय आणि हवा थंड येतेय, तर मोटर ठीक आहे, गडबड हीटरच्या सर्किटमध्ये आहे. बऱ्याचदा थर्मल फ्यूज उडालेला असतो. प्लग काढून मल्टिमीटर लावला की कळतं. मग मिस्त्री म्हणतो, "डायरेक्ट करून देतो ना भाऊ, कायले खर्च करता!"

इथे ठाम नाही म्हणा. फ्यूज उगाच उडत नाही. कपड्यांतून सुटलेला कापूस जाळीत, हवेच्या वाटेत साचतो, हवा कोंडते, हीटर नको तेवढा तापतो. आग लागू नये म्हणून फ्यूज स्वतःचा बळी देतो. त्याला डायरेक्ट करणं म्हणजे एरर मेसेज दाबून 'बग फिक्स झाला' म्हणणं. फरक इतकाच, की इथे सर्व्हर बसत नाही, घर पेटतं.

तेव्हा आधी जाळी आणि हवेची वाट साफ करा, मगच नवा फ्यूज टाका. तोवर पंख्याखाली दोरी बांधा, जीन्स वाळेल.