तिसऱ्या लेकीचं काय?

ऑगस्ट 2025 मध्ये सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, प्रत्येक जोडप्याला तीन मुलं असावीत. हेच आपल्या मोहल्ल्यातल्या कुणी म्हटलं असतं तर? असो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण 1992-93 मध्ये 4.4 होतं, 2019-21 मध्ये 2.4 वर आलं. म्हणजे तीन मुलांचं घर आता आपल्यातही मोठंच म्हणायचं.

या घरांना सल्ला नको, हिशेब हवा. तीन दप्तरं, तीन गणवेश, शाळेच्या रिक्षाचे पैसे, मक्तबची फी. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं, तिथे तिसरं मूल मोजलं जातं. पण 'लेक लाडकी' योजनेत मुलीला टप्प्याटप्प्याने 1 लाख 1 हजार रुपये मिळतात, ते पहिल्या दोन अपत्यांपर्यंतच, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. तिसरी मुलगी त्यातून बाहेर. निवडणुकीच्या अटीवर आपले पुढारी तावातावाने बोलतात. आंध्रने ती 2024 मध्ये काढलीही. या अटीवर मात्र कुणी बोलत नाही. पैसे कमी पडले की शाळेतून आधी नाव निघतं ते बहुतेक वेळा तिचंच.