कॅम्पर व्हॅन घ्यायची म्हणताय? रात्री गाडी कुठं लावणार, ते आधी ठरवा

आपल्याकडं 'कॅम्पर' म्हणलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर यायच्या. एक, लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात ठेवलेला थंड पाण्याचा कॅम्पर. दुसरी, बोलेरो कॅम्पर, पुढं पाच माणसं अन् मागं खताच्या गोण्या. आता तिसरा कॅम्पर आलाय, तो मोबाईलवर दिसतो. आत पलंग, ओटा, संडास, टपावर सोलर, बाहेर लडाखचा डोंगर. बघणाऱ्याला वाटतं, नोकरी बस्स झाली, आता असंच फिरावं.

वाटण्यापर्यंत ठीक आहे. पण लोक आता खरंच विचारायलेत. लातूरचे एक डॉक्टर, नांदेडच्या नव्या मोंढ्यातले एक व्यापारी, आणि तिसरे एक निवृत्त मुख्याध्यापक. सरांचा फोन आल्यावर मात्र मी गंभीर झालो. कारण डॉक्टर आणि व्यापाऱ्यांचा हौसेचा पैसा आहे, सरांची ग्रॅच्युइटी आहे. जुनी ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आतून घर करून घ्यायचं, असा त्यांचा बेत. ही पोस्ट मुख्यतः सरांसाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवाल. आपल्या भागातल्या बहुतेक कुटुंबांनी मोठी कॅराव्हॅन विकत घेऊ नये. आधी भाड्यानं घेऊन चार रात्री काढाव्यात, त्याही एप्रिल-मे महिन्यात. तरी हौस फिटली नाही तर लहान गाडी घ्यावी, आणि ती कागदावर पक्की असलेलीच घ्यावी.

गाडीत राहणं आपल्याला नवीन आहे असं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण काही अमेरिकेत जन्मली नाही. होला मोहल्ला आणि दसऱ्याला पंजाबातून नांदेडला येणारे ट्रक बघा. हौद्यात फळ्या टाकून दोन मजले केलेले, खाली बायका-लेकरं, वर गडी माणसं, सोबत लंगरची भांडी. दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास त्या ट्रकमध्येच. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या नावानं पाल ठोकून आठ-आठ दिवस मुक्काम करणारे आपलेच लोक. तिरुपतीला, अक्कलकोटला क्रूझरमध्ये स्टो, पातेली, पीठ घालून जाणारी कुटुंबं तर प्रत्येक गल्लीत सापडतील. मोठी कॅराव्हॅन घेणारा माणूस यापेक्षा नवीन काय विकत घेतो? तीन गोष्टी. स्वतःचा संडास, स्वतःची वीज आणि थंडावा. तेव्हा गाडी बघायला गेलात की सोफ्याचं कव्हर आणि रंगीत लाइट बघू नका, या तीन गोष्टींचा हिशेब मागा.

थंडावा आधी घेऊ, कारण नांदेडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो अन् पत्र्याची गाडी दिवसभर तापलेली असते. पाऊण-एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे रात्रभराला सात-आठ युनिट. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची बॅटरी भरलेली असताना तिच्यात 1.8 युनिट असतात. ती टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. गुणाकार करा. एका रात्रीच्या एसीला अशा आठ-नऊ बॅटऱ्या लागतील, आणि एकेक पन्नास किलोच्या वर भरते. लिथियम बॅटरी हलकी असते, पण तिचा दर ऐकून माणूस आपोआप गार होतो. टपावरचं पाचशे वॅटचं सोलर आपल्या कडक उन्हात दिवसाला दोन-अडीच युनिट देईल. त्यात पंखा, दिवे, छोटा फ्रीज, मोबाईल आरामात चालतात. एसी नाही. 'सोलरवर रात्रभर एसी चालतो' असं विकणारा म्हणाला, तर त्याला मे महिन्यात एक रात्र तुमच्या दारात गाडी लावून दाखवायला सांगा.

मग राहतो जनरेटर किंवा कुणाच्या तरी प्लगला जोडलेली वायर. जनरेटरबद्दल जरा थांबून वाचा. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. ना मारामारी, ना आग. तपासात निघालं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता. या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. त्याच्या आदल्या वर्षी, 26 ऑगस्ट 2023 ला, मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्यात नियम मोडून नेलेल्या सिलिंडरमुळं आग लागली अन् नऊ जण गेले. ती माणसंही आपल्यासारखीच, चहा करायला उठलेली.

सरांच्या बेतात ओट्याखाली घरगुती सिलिंडर होता आणि मागच्या डिकीत जनरेटर. मी म्हणलं, सर, हे दोन्ही आधी कागदावरून खोडा. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, चांदणी लावून करायचा. आपल्या बायकांना तसंही त्या दीड फुटी ओट्यावर भाकरी थापणं जमणार नाही, आणि सहलीलाही भाकरी त्यांनीच का थापायच्या हा वेगळा प्रश्न आहे. गॅस आतच हवा असेल तर सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारा हवा. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लाखांच्या गाडीत त्याची किंमत मोजण्यासारखीही नाही.

आता कागदपत्रं. इथंच आपल्याकडची माणसं फसतात, कारण 'आरटीओत आपला माणूस आहे' यावर आपला फार विश्वास. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय. कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-124. त्याप्रमाणे गाडी बांधणाऱ्याकडं त्या मॉडेलची मंजुरी असते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तपासून ती देतात. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. आरसी बुकावर गाडीचा वर्ग काय लागणार? 'मोटर कॅराव्हॅन' किंवा खासगी वापराची 'कॅम्पर व्हॅन' असं लागणार असेल तर पुढं बोला. जुनी ॲम्ब्युलन्स किंवा स्कूल बस घेऊन आत पलंग ठोकला आणि आरसीवर ॲम्ब्युलन्सच राहिली, तर रस्त्यात पोलीस एक वेळ सोडतील. अपघातानंतर विमा कंपनी सोडणार नाही. ग्रॅच्युइटीचा पैसा तिथं अडकला की कोर्टाच्या पायऱ्या.

लायसन्सची काळजी मात्र करू नका. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण 7500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते, नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारलाय. ट्रॅव्हलर त्यात बसते. पण हे वजन भरलेल्या गाडीचं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, मग बॅटऱ्या, प्लायवूड, एसी, वर सहा माणसं. आणि शंभर लिटर तरी किती पुरतं? चौघांच्या आंघोळीलाच साठ लिटर जातं. फॅब्रिकेशनवाला वजनकाट्यावर गाडी नेत नाही. तुम्ही न्या.

आता कोणती गाडी. ज्यांच्याकडं स्कॉर्पिओ किंवा बोलेरो आहे त्यांनी टपावरचा तंबू किंवा मागची सीट पाडून अंथरूण, इथूनच सुरुवात करावी. नवरा-बायको दोघांना पुरतं, गाडी रोजच्या कामालाही राहते. टपावरच्या तंबूला शिडी चढावी लागते, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. त्याच्या वर बोलेरो कॅम्परच्याच सांगाड्यावरची घरं. महिंद्रानं 2022 मध्ये बंगळूरच्या एका कंपनीशी त्यासाठी करारही केला होता. ग्रामीण रस्त्याला ही गाडी दमदार, दुरुस्ती प्रत्येक तालुक्यात. चौघा-सहा जणांना ट्रॅव्हलर. ती आपल्या ओळखीची, फोर्स कंपनी म्हणजे जुनी बजाज टेम्पो, तिचा मिस्त्री कंधारलाही मिळतो आणि अहमदपूरलाही. मागं ओढायचा ट्रेलर दिसायला छान, पण आपल्या रस्त्यांवर दर फर्लांगाला गावानं स्वखर्चानं घातलेले गतिरोधक आहेत. इटवाऱ्याच्या गल्लीत तो रिव्हर्स घेऊन दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन. बसएवढी कॅराव्हॅन घ्यायची असेल तर ती निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनी घ्यावी. शेजारच्या आंध्रात एन. टी. रामाराव यांनी 1982 मध्ये जुनी शेव्हरोले व्हॅन बदलून 'चैतन्य रथम' केला आणि सत्ता आणली. तेवढा उपयोग होणार असेल तरच एवढा खर्च परवडतो.

संडासाचं राहिलं, मुद्दामच मागं ठेवलं. या गाड्यांत बहुतेक कॅसेट टॉयलेट असतं, खाली साधारण वीस लिटरची टाकी. कुटुंब चौघांचं असेल तर दीड-दोन दिवसांत भरते. मग ती ओतायची कुठं? परदेशात कॅम्पिंगच्या जागी त्यासाठी वेगळा चेंबर असतो. आपल्याकडं माणूस नाल्याकडं बघतो, नदीकडं बघतो. गोदावरीत आधीच शहराचं काय काय जातं ते आपण रोज लिहितो, त्यात हौशी पर्यटकांची भर नको.

आणि इथून प्रश्न माझ्या-तुमच्या गाडीचा राहत नाही.

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात गाडीचाही विचार होता आणि गाडी लावायच्या कॅराव्हॅन पार्कचाही. त्याच वर्षी केरळनंही आपलं धोरण आणलं. आपण ज्या बातम्या छापल्या त्यात मंत्र्यांचा झेंडा दाखवतानाचा फोटो आणि चकचकीत गाडी होती. पार्कचं काय? संध्याकाळी सात वाजता नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात गाडी लावायला जागा शोधून बघा. पेट्रोल पंप, धाबा, मंगल कार्यालय, नाहीतर देवस्थानचं आवार, एवढंच हाताला लागतं. माणसांच्या चांगुलपणावर सगळं चाललंय.

जागांना काय तोटा आहे का? पावसाळ्यात सहस्रकुंड बघा, पैनगंगा कशी कोसळते. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि भोवती जंगल. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, कंधारचा किल्ला. लातूरकडं खरोशाची लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले. नांदेडहून लातूर-तुळजापूरला जाणारा 361 आणि देगलूरवरून हैदराबादकडं जाणारा 161, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग या जागांना जोडतात. हैदराबादचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी निघाला तर रात्री होट्टलला पोचतो.

तिथं लागतं काय? दहा गाड्या मावतील एवढी मुरूम टाकलेली जागा, दोन नळ, मीटर लावलेले चार-सहा प्लग, एक दिवाबत्ती, सेप्टिक टँकला जोडलेला एक चेंबर आणि बायकांसाठी रात्री उघडा राहणारा, पाणी असलेला संडास. यातलं काहीही फक्त श्रीमंत कॅराव्हॅनवाल्यांच्या कामाचं नाही. पंजाबच्या ट्रकमधली माय, क्रूझरमधून माहूरला निघालेली आजी, माळेगावला पाल टाकणारी बाई, सगळ्यांना तेच लागतं. रात्री आडोसा शोधत पुलाखाली जाणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत दोन ठिकाणं घेतली तरी सुरुवात होते. माझा आग्रह होट्टल आणि माहूरचा आहे. चालवायला बचत गटाला द्या, गाडीमागं शुल्क घेऊ द्या. चिरेबंदी कमान आणि कोनशिलेशिवायही हे उभं राहतं.

सरांचं पुढं काय झालं म्हणाल तर त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याचा बेत थांबवलाय. हैदराबादहून चार दिवसांसाठी भाड्याची गाडी घेऊन माहूर-उनकेश्वर करून यायचं म्हणतात. बाईंची एकच अट आहे, रस्त्यात संडास कुठं कुठं चालू आहेत ते आधी सांगा. नांदेड ते माहूर रस्त्यावरचे, रात्री दहानंतर उघडे असलेले आणि पाणी असलेले संडास तुम्हाला माहीत असतील तर मला गावाच्या नावासह कळवा. यादी झाली की सरांना देतो, आणि तीच यादी जिल्हाधिकारी कार्यालयातही नेऊन देतो.