'थ्रो लाइट ऑन' : अर्थ पाठ, वापर कच्चा

'थ्रो लाइट ऑन' हा इंग्रजी वाक्प्रचार मुलांना हमखास पाठ असतो. अर्थ विचारला की लगेच उत्तर येतं, 'प्रकाश टाकणे'. वाक्यात उपयोग करा म्हटलं, की वहीत दिसतं, 'द सन थ्रोज लाइट ऑन द अर्थ'. वाक्य व्याकरणाने बरोबर, पण वाक्प्रचार म्हणून उपयोग झालाच नाही. माझ्या मते दोष मुलांचा नाही. आपणच एका ओळीचं भाषांतर देऊन पुढे सरकतो.

खरं तर या वाक्प्रचारात आधीचा अंधार गृहीत आहे. एखादी गोष्ट नीट कळत नव्हती, मग नवी माहिती किंवा पुरावा मिळाला आणि ती उलगडली, तिथेच तो शोभतो. इतिहासातलं उदाहरण घ्या. अशोकाचे बहुतेक शिलालेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि ती लिपी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. पुढे १८८२ मध्ये आपल्या सोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तेव्हा तो वाचता आला. आता 'द इन्स्क्रिप्शन्स थ्रो लाइट ऑन अशोकाज रूल' हे वाक्य मुलांना सहज पटतं.

सोबतच भावंडंही शिकवावीत. 'ब्रिंग टू लाइट' म्हणजे लपलेली गोष्ट उजेडात आणणे. 'मेक लाइट ऑफ' मध्ये मात्र उजेडाचा संबंधच नाही; तिथे लाइट म्हणजे हलकं. गंभीर गोष्ट हलक्यात घेणे, असा त्याचा अर्थ.

मराठीतही 'प्रकाश टाकणे' आता रुळलंय, त्याला माझी हरकत नाही. पण वक्तृत्व स्पर्धेत 'मी या विषयावर प्रकाश टाकणार आहे' म्हणून मुलं पुढे पाठ केलेलंच बोलतात, तेव्हा वाईट वाटतं. उलगडा करणे, उकल करणे, फोड करून सांगणे, खुलासा करणे, हे आपले शब्दही त्यांच्या तोंडी यायला हवेत.

म्हणून शिक्षकांनी वही तपासताना एवढंच विचारावं, 'आधी काय कळत नव्हतं? ते कशामुळे कळलं?' दोन्हींची उत्तरं वाक्यात असतील तरच पूर्ण गुण द्यावेत. पालकांनीही घरी हेच दोन प्रश्न मराठीतून विचारावेत. त्यासाठी इंग्रजी यायलाच हवं असं नाही.