डांबर पडण्याआधी

हुबळी-धारवाडच्या वेशीवर नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घ्यायच्या विचारात असाल, तर माझं ऐका: उन्हाळ्यात पाहिलेल्या प्लॉटचा उन्हाळ्यातच सौदा करू नका. आषाढ येऊ द्या. दोन दिवस पाऊस लागून राहिला की तिसऱ्या दिवशी सकाळी तिथं जा आणि गाडी कमानीपाशी लावून आतले सगळे रस्ते पायी फिरा. पाणी कुठं तुंबलंय, कुठल्या शेतातून चिखल वाहून येतोय, गटारातलं पाणी पुढं सरकतंय की जागच्या जागी हिरवं पडलंय, हे त्या एका तासात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

आम्ही आमचा प्लॉट चैत्रात घेतला. रस्ता काळाभोर, दिव्याचे खांब ओळीनं उभे, दोन्ही बाजूंना कडुनिंबाची रोपं. सासूबाईंनी नारळ वाढवला आणि आम्ही खूश होऊन घरी आलो. रस्त्याच्या पोटात काय आहे, हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात गल्लीच्या मध्यावर रस्ता खचला. खणलं तेव्हा दिसलं की सांडपाण्याच्या नळाला उतारच नव्हता, आणि त्याच चरात, जेमतेम हातभर अंतरावर, पिण्याच्या पाण्याचा नळ टाकलेला होता. ज्यांनी ले-आऊट पाडला ते म्हणाले, "आम्ही रस्ते देऊन मोकळे झालो." ज्या कार्यालयात गेलो तिथं सांगितलं, "आम्ही अजून ताब्यात घेतलेले नाहीत." या दोन वाक्यांच्या मध्ये आमच्या गल्लीची कित्येक वर्षं गेली. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडची काळी माती आधी समजून घ्या. हुबळीच्या बाजूला ती जास्त. धारवाडकडं, मलनाडाच्या कडेला, तांबडी जमीन लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. कापसाला ही जमीन सोन्यासारखी, पण रस्त्याला आणि नळाला वैरी. वर्षातून एकदा खालची जमीन उचलते आणि एकदा बसते. नळाचे सांधे उखडतात ते त्यामुळं, आणि डांबराला लांबच लांब भेगा पडतात त्याही त्यामुळंच. यावरचे उपाय जुने आहेत आणि गवंड्यालाही माहीत असतात. रस्त्याखालची काळी माती काढून मुरूम भरायचा आणि थराथरानं पाणी मारून रोलर फिरवायचा, किंवा मातीत चुना मिसळून ती बसवायची. नळाखाली वाळूचा थर द्यायचा आणि चर बुजवताना खणून काढलेले ढेकळांचे ढीग तसेच आत ढकलायचे नाहीत. हे सगळं करायला पैसा आणि दिवस लागतात, आणि वरून डांबर पडलं की केलं की नाही हे कुणालाच दिसत नाही. सगळी गोम इथंच आहे.

तेव्हा चर उघडे असतील त्या दिवसांत जा. शनिवार-रविवार असला तरी चालेल, साईटवर मुकादम असतोच. मोबाईलवर फोटो घ्या. फोटोत नळ, त्याखालचा थर आणि बाजूला धरलेली टेप दिसली पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचा नळ यांच्यात आडवं तीन मीटर अंतर राखावं, असं केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याची नियमपुस्तिका सांगते. जागा अपुरी असेल तर पाण्याचा नळ सांडपाण्याच्या नळापेक्षा वर राहिला पाहिजे. नळ बुजवायच्या आधी त्यात दाबानं पाणी भरून गळती पाहायची असते. ती चाचणी कधी झाली, कुणी सही केली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सांडपाण्याच्या नळाला तर फार साधी पारख आहे. एका चेंबरमध्ये दिवा धरायचा आणि पुढच्या चेंबरमध्ये आरसा. नळ सरळ आणि मोकळा असेल तर दिव्याचं पूर्ण वर्तुळ आरशात दिसतं. ते अर्धवट दिसलं तर मध्ये कुठंतरी नळ बसलाय किंवा वाकलाय. इंजिनिअर लोक हीच चाचणी घेतात. ती तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

आणि शेवटचा चेंबर शोधा. त्यातलं पाणी पुढं कुठं जातं? महापालिकेच्या मोठ्या वाहिनीला जोडलंय, ले-आऊटचं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र आहे, की कुंपणापलीकडच्या नाल्यात सोडून दिलंय? याचं उत्तर कुणी टाळत असेल तर तिथं थांबू नका. आपले नाले पुढं कुणाच्या तरी विहिरीजवळून, कुणाच्या तरी शेतातूनच जातात.

आता कायद्याचं. 'कर्नाटक नगरविकास प्राधिकरण अधिनियम, १९८७' मधलं ३२ वं कलम सांगतं, की प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय कुणालाही ले-आऊट पाडता येत नाही. आपल्याकडं हे प्राधिकरण म्हणजे हुडा, हुबळी-धारवाड नगरविकास प्राधिकरण. मंजुरीच्या अर्जासोबत रस्त्यांची रुंदी, दिशा आणि पातळी दाखवावी लागते. रस्ते सपाट करणं, खडीकरण, गटारं, सांडपाणी, दिवे आणि पुरेसं पिण्याचं पाणी यांची काय व्यवस्था करणार, हेही लिहून द्यावं लागतं. या कामांसाठी प्राधिकरण पैसे भरून घेऊ शकतं, आणि रस्ते व मोकळ्या जागा मोबदला न देता कायमच्या आपल्या नावे करून मागू शकतं. म्हणजे पातळी आणि सांडपाणी हे दोन्ही शब्द कायद्यातच आहेत. ते मागताना आपण कुणाकडं उपकार मागत नाही.

प्लॉट विकणारा 'एनए झालंय' म्हणाला की आपली माणसं निर्धास्त होतात. एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती झाली, एवढंच. त्यावरून ले-आऊट मंजूर आहे असं ठरत नाही, आणि नळ नीट टाकलेत असं तर मुळीच नाही. मंजूर नकाशा वेगळा मागा. कामं पाहून प्राधिकरण प्लॉट मोकळे करतं, त्याचा आदेश मागा आणि तुमचा प्लॉट नंबर त्यात आहे का ते स्वतः वाचा. कागद कन्नडमध्ये असतात. आपल्या मराठी मंडळींतल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना अडखळायला होतं, आणि संकोचानं ते सही करून टाकतात. संकोच करू नका. शेजारच्या मास्तरांना, नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या नातीला बसवून ओळ न् ओळ वाचून घ्या.

रेरा हा घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१६ चा आहे; तो फक्त फ्लॅटसाठी आहे असा गैरसमज अजून आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर प्लॉटच्या ले-आऊटलाही नोंदणी लागते. लेखी करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत कामात किंवा सोयींत दोष निघाला आणि तो तुम्ही कळवला, तर विकासकानं तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. ही पाच वर्षं घर बांधण्यात, मुलांच्या शाळेत, लग्नकार्यात कशी निघून जातात ते आम्हाला विचारा. ताब्याची तारीख कॅलेंडरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि तक्रार तोंडी न करता लेखी करून पोच घ्या.

जमिनीखालचं काम नंतर दुरुस्त करणं किती महागात पडतं, हे आपल्याच शहरानं पाहिलंय. कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ मध्ये चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा देशभरातून लोक बघायला आले. पण त्यासाठी त्या भागांतलं जुनं जाळं बदलून घराघरांपर्यंत नवे नळ आणि मीटर बसवावे लागले आणि जागतिक बँकेचं कर्ज लागलं. नवा ले-आऊट पाडताना जमीन उघडीच असते. तेव्हाच नीट टाकलेला नळ पुन्हा उकरावा लागत नाही.

जे आधीच अडकलेत, म्हणजे मंजुरीविना पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट घेऊन बसलेत, त्यांनाही दोन शब्द. २०२५ च्या फेब्रुवारीपासून सरकारनं अशा मिळकतींना बी-खाते द्यायला सुरुवात केली. ते जरूर करून घ्या. पण त्यामुळं कर भरायची नोंद झाली, ले-आऊट मंजूर झाला नाही, हे ध्यानात असू द्या. आणखी एक गोष्ट: त्याच वर्षी जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं धारवाडला वेगळी महापालिका द्यायचा निर्णय घेतला. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याकडं जाताना काय काय गहाळ होतं, हे सरकारी खात्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या ले-आऊटचा मंजूर नकाशा, रस्ते-नळांच्या हस्तांतराचा करार आणि वीज कंपनी हेस्कॉमनं वीजवाहिन्या ताब्यात घेतल्याचं पत्र, यांच्या प्रती आताच काढून ठेवा.

आणि हस्तांतर अजून व्हायचं असेल, तर ते व्हायच्या आधी एका रविवारी सगळ्या घरांतून एकेक माणूस काढा. नकाशाची मोठी प्रत घ्या आणि पहिल्या चेंबरपासून शेवटच्यापर्यंत चाला. वळणावर आणि दोन वाहिन्या मिळतात तिथं चेंबर असायलाच हवा, आणि सरळ वाटेवर साधारण ३० मीटरवर एक. नकाशात आहे पण जमिनीवर सापडत नाही अशा प्रत्येकावर लाल खूण करा. झाकण उचलायला सब्बल लागेल आणि दोघं लागतील. झाकण काढलं की लगेच वाकून बघू नका, थोडा वेळ वारा लागू द्या, आत विषारी वायू असतो. काहीही झालं तरी आत कुणी उतरायचं नाही आणि कुणा मजुरालाही उतरवायचं नाही. बघायचं ते वरूनच, टॉर्चनं. पाणी वाहतंय की थांबलंय, तेवढं त्या चेंबरच्या नंबरापुढं लिहायचं आणि पुढच्या झाकणाकडं जायचं.